लांबविलेल्या पायाचें बळ

गेल्या हिवाळ्यांतली गोष्ट. संध्याकाळीं कॉलेजांतून घरीं परतत असतां एक विद्यार्थी सायकल हातांत धरून माझ्याबरोबर चालूं लागला. कऱ्हेच्या कांठच्या एका खेड्यांतून तो बारामतीस शिकावयास येतो आणि पहांटे पोलीसभरतीच्या तयारीसाठीं धांवतो. महाराष्ट्रांत पोलीस शिपायाच्या भरतींत पुरुष उमेदवाराची उंची निदान १६५ सेंटिमीटर असावी लागते. पुढें सोळाशें मीटर धांवणें, शंभर मीटर धांवणें आणि गोळाफेंक यांचे गुण मिळतात. या गड्याचें धांवणें उत्तम, छाती भरते, गोळाहि दूर जातो. उंची मात्र दोन सेंटिमीटरांनीं कमी पडते. बराच वेळ इकडचें तिकडचें बोलून झाल्यावर तो हळूच म्हणाला, “सर, पायाचं हाड कापून वाढवून घेतात म्हणे. तसं केलं तर मागनं पळता येतंय का?”

इतिहासाच्या शिक्षकाला विचारण्याचा हा प्रश्न नव्हे, असें मीं त्याला सांगितलें आणि वेळ मारून नेली. परंतु घरीं आल्यावर ध्यानांत आलें कीं, प्रश्नाचा निम्मा भाग इतिहासाचाच आहे. हाड लांबवितां येतें काय, याचें उत्तर जगाला शंभराहून अधिक वर्षांपूर्वींच मिळालें होतें. लांबविलेल्या हाडावर माणूस पुन्हां धांवूं शकतो काय, याचें उत्तर मिळावयास मात्र त्यानंतर साठांवर वर्षें लागलीं. त्या मधल्या वर्षांत काय घडलें हें पाहिल्याशिवाय त्या मुलाला ‘होय’ किंवा ‘नाहीं’ म्हणणें हा निव्वळ आगाऊपणा ठरला असता.

मोडलेल्या हाडाचें ज्ञान आपल्याकडे नवें नाहीं. इंदापुराकडच्या माळावर मेंढीचा पाय मोडला तर धनगर बांबूच्या कामट्या लावून तो चिंधीनें आवळतो, आणि कांहीं आठवड्यांत ती मेंढी कळपामागें चालूं लागते. खेडोपाडींच्या हाडवैद्याची रीत याहून फारशी निराळी नाहीं. या दोघांच्याहि विद्येचें मूळ शोधूं गेल्यास सुश्रुतसंहितेपाशीं जाऊन पोंचावें लागतें. तिच्या चिकित्सास्थानाचा तिसरा अध्याय सर्वस्वीं मोडलेल्या हाडांविषयीं आहे. मोह, उंबर, पिंपळ, पळस, अर्जुन यांच्या साली आणि बांबू यांच्या पट्ट्या तेथें सांगितल्या आहेत. सांधा जुळून स्थिर व्हावयास पहिल्या वयांत एक महिना, मधल्या वयांत दोन आणि उतारवयांत तीन महिने लागतात, असा हिशेबहि दिला आहे. आजचा डॉक्टर या हिशेबाला फारशी हरकत घेणार नाहीं. पण त्या अध्यायांतील मला सर्वांत विलक्षण वाटलेली सूचना निराळीच आहे. हाड वांकडेंतिकडें जुळून आलें असेल तर तें पुन्हां मोडावें, सरळ बसवावें आणि नव्यानें मोडल्याप्रमाणें त्यावर उपचार करावे, असें सुश्रुत सांगतो. भूल देण्याचें शास्त्र ज्या काळीं बाल्यावस्थेंतहि नव्हतें त्या काळीं जुळलेलें हाड जाणूनबुजून मोडण्याची आज्ञा देणारा वैद्य किती निर्भय असला पाहिजे! ‘मोडेन पण वांकणार नाहीं’ असें आपण मानी माणसाविषयीं म्हणतों. सुश्रुताचें हाड वांकलें म्हणूनच मोडावयाचें आहे.

तथापि सुश्रुताला हाड सरळ करावयाचें होतें, लांब करावयाचें नव्हतें. आणि एकदां सरळ केल्यावर तें हलूं द्यावयाचें नाहीं, हा त्याचा दंडक होता. हाच दंडक पुढें सर्व देशांत चालला. १८५२ सालीं मॅथिसेन नांवाच्या डच लष्करी शल्यवैद्यानें प्लास्टरचें बंधन प्रचारांत आणलें, तें या दंडकाचेंच अधिक पक्कें रूप होय. पाय जितका निश्चल, तितकें हाड सुरक्षित! या सुरक्षिततेची किंमत आपल्या तालमींतल्या कोणत्याहि वस्तादाला ठाऊक असते. पाय प्लास्टरांतून बाहेर निघतो तेव्हां हाड जुळलेलें असतें खरें, पण मांडी वाळलेली असते, गुडघा आंखडलेला असतो, आणि पहिली बैठक मारतांना पहिलवानाच्या डोळ्यांत पाणी येतें.

एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस या दंडकाच्या मुळाशींच एक शंका निर्माण झाली. बर्लिनच्या यूलिउस वोल्फ यानें १८९२ सालीं असें प्रतिपादिलें कीं, हाड ही घराच्या तुळईसारखी निर्जीव वस्तु नाहीं. तिच्यावर जसा भार पडतो तशी ती आंतून आपली रचना बदलते. भार पडेल तेथें हाड दाट होतें, भार काढून घेतला कीं विरळ होतें. म्हणजे ज्या विश्रांतीनें हाड जपावयाचें, तीच विश्रांति त्याला दुबळें करते. हें तत्त्व ग्रंथांत आलें, विद्यालयांत शिकविलें जाऊं लागलें. परंतु रोग्याच्या खाटेपर्यंत तें पोंचावयास बराच काळ जावा लागला. विद्वत्तेचा आणि व्यवहाराचा हा दुरावा केवळ आमच्याच देशांत आहे असें मानणारांनीं एवढी गोष्ट लक्षांत घ्यावी.

हाड लांबविण्याचा पहिला मोठा प्रयत्न या तत्त्वाला अनुसरून झाला नाहीं. तो बळजोरीनें झाला. इटलींत बोलोन्या येथील रिझोली संस्थेंतील आलेस्सांद्रो कोदिविल्ला यानें १९०५ सालीं आपली पद्धति प्रसिद्ध केली. आंखूड पायाच्या मांडीचें हाड कापावयाचें, टांचेच्या हाडांतून एक खिळा आरपार न्यावयाचा, आणि रोग्यास भूल देऊन त्या खिळ्याला धरून पाय जोरानें ओढून तसाच प्लास्टरांत बसवावयाचा, अशी ती रीत होती. पाय तीन ते आठ सेंटिमीटर वाढले. पण हाड ओढलें जात असतां त्याबरोबर मज्जातंतु, रक्तवाहिन्या, स्नायु हीं सर्व एका झटक्यांत ओढलीं जात होतीं. कांहीं रोग्यांना आंचके येऊं लागले, मृत्यूहि ओढवला. १९२७ मध्यें अमेरिकेंत ॲबट यानें हीच ओढ सावकाश देण्याचा प्रयत्न केला. तें सुधारलेलें पाऊल होतें. परंतु जखमा चिघळणें, हाड न जुळणें, सांधे आंखडणें हे प्रकार चालूच राहिले. शरीरावरील विजय आणि शरीराशीं तडजोड यांतील भेद अजून कोणास नीट उमगला नव्हता.

तो उमगला एका खेड्यांतल्या डॉक्टरला. गाव्रिल अब्रामोविच इलिझारोव्ह (१९२१–१९९२) हा आजच्या अझरबैजानांतील कुसार गांवीं गरिबींत वाढला. १९४४ सालीं वैद्यकाची पदवी घेऊन तो पश्चिम सैबेरियांतील कुर्गान प्रांतांत, दोल्गोव्का नांवाच्या खेड्यांत सरकारी डॉक्टर म्हणून गेला. दुसरें महायुद्ध संपत आलें होतें. हाडें फुटलेले, न जुळलेले, पू वाहत असलेले सैनिक घरोघरीं परतले होते, आणि त्यांना देण्यासारखें प्लास्टरावांचून फारसें कांहीं नव्हतें. १९५१ च्या सुमारास इलिझारोव्हनें आपलें यंत्र सिद्ध केलें. पायाभोंवतीं लोखंडी कडीं, त्या कड्यांतून हाडामधून आरपार गेलेल्या, एकमेकींस छेदणाऱ्या बारीक तारा, आणि कड्यांना जोडणारे आटे पाडलेले गज, एवढाच त्याचा पसारा. तारेची जाडी दीड ते पावणेदोन मिलिमीटरांच्या आसपास! इतक्या बारीक तारा माणसाचा भार कसा पेलतात, हें समजून घ्यावयाचें असेल तर आपल्या बैलगाडीचें चाक आणि सायकलचें चाक शेजारीं ठेवून पाहावें. गाडीचे लांकडी आरे जाड असावे लागतात, कारण ते दाबानें भार उचलतात. सायकलच्या तारा बारीक असून चालतात, कारण त्या ताणलेल्या असतात. इलिझारोव्हचें यंत्र म्हणजे पायाभोंवतीं बसविलेलें सायकलचें चाकच होय. पहिल्या यंत्रांसाठीं त्यानें खरोखरीच सायकलच्या तारा वापरल्या असें सांगतात.

आरंभीं हें यंत्र हाडाचीं टोंकें एकमेकांवर दाबून धरण्यासाठीं होतें. पुढें एका रोग्यानें गजावरील नट उलट दिशेनें फिरविले, टोंकें दूर गेलीं, आणि मधल्या फटींत नवें हाड उगवत असलेलें दिसलें, अशी कथा सर्वत्र सांगितली जाते. अशा कथांवर इतिहासकारानें फार विसंबूं नये. न्यूटनचें सफरचंदहि असेंच वाढत गेलें आहे. नट उलट फिरण्याचा अपघात इतरांच्या हातूनहि झाला असेल. त्या फटीकडे पाहून ‘बिघडलें’ न म्हणतां ‘उगवलें’ म्हणणारा मात्र हा एक निघाला. आणि तेवढ्यावर तो थांबला नाहीं. पुढें अनेक वर्षें त्यानें कुत्र्यांवर प्रयोग करून ओढीचें माप निश्चित केलें. दिवसाला अर्धा मिलिमीटर ओढलें तर फट वेळेआधींच जुळून बंद होते. दोन मिलिमीटर ओढलें तर नवें हाड तुटक होतें आणि सभोंवतींच्या पेशींना इजा होते. एक मिलिमीटर, आणि तोहि एकदम नव्हे तर दिवसांतून चार वेळां पाव-पाव मिलिमीटर, हें प्रमाण शरीरास मानवतें. त्याहूनहि बारीक हप्ते पाडले तर अधिकच चांगलें. हाड कापल्यावर पांच-सात दिवस तसेंच राहूं द्यावयाचें, मग ही ओढ सुरूं करावयाची. बोटाच्या एका पेराएवढी वाढ व्हावयास जवळजवळ महिना लागतो. आणि ओढ थांबल्यावर तें कोवळें हाड घट्ट व्हावयास ओढीच्या काळाच्या दुपटीएवढा काळ, कित्येकदां त्याहूनहि अधिक.

परंतु माझ्या विद्यार्थ्याच्या प्रश्नाच्या दृष्टीनें महत्त्वाची गोष्ट पुढेंच आहे. कोदिविल्लाचा रोगी प्लास्टरांत निजून असे. इलिझारोव्हचा रोगी चालत असे. पायांत कडीं आणि तारा असतांना त्यानें उभें राहावें, पायावर भार टाकावा, गुडघा आणि घोटा हलवावा, ही उपचारांतील सवलत नव्हती, तो उपचारच होता. कुर्गानच्या इस्पितळांत कडीं घातलेलीं माणसें व्यायाम करीत, जिने चढत. वोल्फनें ग्रंथांत लिहिलेलें तत्त्व तेथें मजल्या-मजल्यांवरून चालूं लागलें होतें. फटींतील कोवळें हाड ताणानें लांबतें आणि चालण्याच्या भारानें पक्कें होतें; ताण आणि भार, दोन्हीं मिळून त्याची जडणघडण होते. हळूहळू त्यांत मूळ हाडासारखी नळी तयार होते, नळींत मगज भरतो, आणि दोनतीन वर्षांनंतरच्या क्ष-किरणचित्रांत जुनें कोठें संपलें आणि नवें कोठें सुरूं झालें हें अनुभवी डोळ्यालाहि शोधावें लागतें.

मॉस्कोंतील पंडितांनीं या प्रांतिक डॉक्टराकडे बरींच वर्षें दुर्लक्ष केलें. लोहारकाम म्हणून हेटाळणीहि झाली. ही उपेक्षा फिटली ती एका खेळाडूच्या पायामुळें.

व्हालेरी ब्रूमेल हें नांव आमच्या पिढीच्या लहानपणीं खेळाची आवड असणाऱ्या वडीलधाऱ्यांच्या तोंडीं असे. अठराव्या वर्षीं, १९६० च्या रोम ऑलिंपिकमध्यें त्यानें उंच उडींत रौप्यपदक मिळविलें. पुढील तीन वर्षांत सहा वेळां जागतिक विक्रम मोडून १९६३ मध्यें तो २.२८ मीटरांपर्यंत नेला. १९६४ मध्यें तोक्यो येथें सुवर्णपदक घेतलें. १९६५ च्या ऑक्टोबरांत मोटारसायकलच्या मागें बसून जात असतां अपघात झाला आणि त्याच्या नडगीचा चुराडा झाला. पुढें तीन वर्षें एकामागून एक अशा वीसांहून अधिक शस्त्रक्रिया झाल्या. हाड जुळेना, जखम भरेना, पाय आंखूड झाला. कुबड्या घेतलेला हा जगज्जेता १९६८ सालीं कुर्गानला गेला. इलिझारोव्हनें हाड जुळविलें आणि पायाची उणीव भरून काढली. त्यानंतर ब्रूमेल पुन्हां मैदानावर उतरला आणि दोन मीटरांहून अधिक उंच उडी मारून गेला.

येथें क्षणभर थांबलें पाहिजे. हा प्रसंग सांगणारे बहुतेक लोक ‘पुन्हां उडी मारली’ एवढ्यावर टाळ्या वाजवून मोकळे होतात. टाळ्या वाजविण्यासारखाच तो प्रसंग आहे. सामान्य सुदृढ तरुणाला जन्मांत साधणार नाहीं अशी उंची तीन वर्षें कुबड्यांवर काढलेल्या पायानें गांठली. परंतु २.२८ आणि दोन मीटरांवर कांहीं सेंटिमीटर, या दोन आंकड्यांत जें अंतर आहे तेंहि इतिहासच होय. तें अंतर हाडानें पाडलें नाहीं. हाड टिकलें, उडीच्या वेळीं शरीराच्या वजनाच्या कितीतरी पट भार त्यावर येऊनहि तें मोडलें नाहीं. कमी पडली ती स्नायूंची झेप, घोट्याची लवचीकता, आणि मधलीं वाया गेलेलीं पांच वर्षें. ब्रूमेल पुढें ग्रंथकार झाला आणि आपल्या कादंबरींत व नाटकांत त्यानें या डॉक्टरचें चित्र रंगविलें. कृतज्ञता दाखविण्याची ही रीत मला पुतळ्याहून अधिक पसंत आहे.

पश्चिम युरोपांत ही विद्या पोंचली तीहि अशाच एका धाडसी माणसाच्या पायानें. कार्लो मावरी हा इटलींतील लेक्को गांवचा गिर्यारोहक. १९५८ सालीं वॉल्तेर बोनात्तीबरोबर काराकोरमांतील गाशेरब्रुम चौथें हें शिखर त्यानें प्रथम सर केलें. १९६१ मध्यें बर्फावर घसरून त्याचा पाय मोडला. तो पाय नीट जुळलाच नाहीं. त्याच अधू पायानें तो १९६९ आणि १९७० मध्यें हायरडालच्या ‘रा’ या बोरूच्या नौकांतून अटलांटिक महासागरांत गेला. त्या नौकांवर सेंकेविच नांवाचा रशियन डॉक्टर होता. त्याच्या ओळखीनें मावरी १९८० मध्यें कुर्गानला पोंचला आणि सरळ पाय घेऊन परत आला. ज्या इटलींत पंचाहत्तर वर्षांपूर्वीं कोदिविल्लानें पहिला पाय ओढला होता, तेथील शल्यवैद्यांनीं हा पाय तपासला आणि १९८१ मध्यें बेल्लाजिओ येथील परिषदेस इलिझारोव्हला बोलाविलें. दोन महासत्तांच्या शीतयुद्धाच्या भिंतींतून ही विद्या जी बाहेर पडली, ती एका लंगडणाऱ्या गिर्यारोहकाच्या अंगावर बसून.

हिंदुस्थानांत ती आली तेव्हां तिची गरज निराळी होती. आमच्याकडे आंखूड पायाचें प्रमुख कारण युद्ध नव्हतें. तें होतें बाळपणींचा पोलिओ. १९५५ मध्यें मुंबईस हाजी अली येथें अपंगांच्या पुनर्वसनासाठीं जी अखिल भारतीय संस्था निघाली तिच्या दारांत अशीं मुलें किती आलीं असतील याची कल्पनाच करावी. तुकाराममहाराजांची पालखी बारामतीहून काटेवाडी, बेलवाडी, इंदापूर अशी जाते तेव्हां वाटेवर उभें राहून पाहावें; उंच तळव्याचें पायताण घालून, गुडघ्यावर हात टेकीत चालणारा एखादा मध्यमवयीन वारकरी आजहि दिसतो. तो त्या सांथींची खूण आहे. देशांतील शेवटचा पोलिओरोगी २०११ च्या जानेवारींत आढळला आणि २०१४ मध्यें देश पोलिओमुक्त ठरला. म्हणून त्याच्यामागून येणारा तसा कोणी नाहीं. पोलिओच्या अशा पायांवर, वांकड्या आणि न जुळलेल्या हाडांवर महाराष्ट्रांतहि कड्यांचा उपचार सुरूं झाला, अकोल्यास डॉ. मिलिंद चौधरी यांनीं या पद्धतीचें स्वतंत्र केंद्र चालविलें आहे. आणि तेथेंच या विद्येची मर्यादाहि स्पष्ट होते. पोलिओनें स्नायूच निर्जीव केलेला असतो. हाड लांबवून पायांची बरोबरी साधते, कंबर सरळ होते, चाल सुधारते. परंतु मेलेला स्नायु कोणतेंहि कडें जिवंत करूं शकत नाहीं. लांबी देतां येते, बळ देतां येत नाहीं. तें असेल तर राखतां येतें, एवढेंच.

धडधाकट पायाच्या बाबतींत हाच न्याय उलट लागू होतो. त्याला बळ असतें, आणि लांबवितांना तेंच पणाला लागतें. हाडाच्या मागोमाग स्नायूलाहि लांब व्हावें लागतें. तो होतो, पण नाखुशीनें. पोटरी ताठते, टांच उचलली जाते, गुडघा पुरता वळेनासा होतो. वाढ जसजशी मूळ लांबीच्या पांचव्या हिश्श्याकडे सरकते, तसतशीं हीं संकटें वाढत जातात. तारांच्या वाटांनीं जखमा पिकतात. कडीं लवकर काढलीं तर कोवळें हाड पुन्हां मोडतें. म्हणून रोज तासन्‌तास सांधे हलविणें, ताणणें, चालणें हें शस्त्रक्रियेइतकेंच आवश्यक. तें ज्यानें केलें तो बहुधा चालतो, पुढें धांवतोहि, आणि ज्यानें कंटाळा केला त्याचा पाय लांब पण निकामी राहतो. अलीकडे कड्यांऐवजीं हाडाच्या नळींतच बसणारा आणि बाहेरून चुंबकानें वाढविला जाणारा खिळा निघाला आहे. तो सुखकर खराच. गंमत अशी कीं, त्यांतील पुष्कळ खिळ्यांवर आरंभीं पुरता भार टाकतां येत नाहीं, म्हणजे कुर्गानच्या रोग्याला पहिल्या आठवड्यापासून मिळणारें चालणें येथें बेतानें घ्यावें लागतें. आणि केवळ उंचीच्या हौसेसाठीं धडधाकट पाय कापून घेणारे लोक जगभर निघाले आहेत. चीननें या हौसेच्या शस्त्रक्रियेवर २००६ मध्येंच बंदी घातली. आमच्याकडे त्याची चर्चा व्हावयाची आहे.

आठवड्यानें तो विद्यार्थी पुन्हां भेटला. मीं त्याला ब्रूमेलची हकीगत सांगितली, दिवसाच्या एका मिलिमीटरचा हिशेब सांगितला, आणि दोन सेंटिमीटरांसाठीं दोन्हीं पायांचीं हाडें कापावीं लागतील हेंहि सांगितलें. त्यानें सर्व ऐकून घेतलें. मग बोटें मोजीत तो म्हणाला, “ओढायला वीस दिवस, पक्कं व्हायला दोन महिने. आणि मग सोळाशेचा माझा आजचा वेळ परत यायला?”

“वर्ष धर,” मी म्हणालों. “तेंहि सर्व नीट झालें तर, आणि तो वेळ परत येईल असें मी म्हणत नाहीं.”

“आणि त्या ब्रूमेलला किती लागलं?”

“अपघातापासून धरलें तर पांचेक वर्षें.”

त्यानें मान डोलावली. रेल्वेभरतीला उंचीची अट आहे का, असें त्यानें विचारलें. तें मला ठाऊक नव्हतें. मग सायकलवर टांग टाकून तो कऱ्हेच्या पुलाकडे निघून गेला.